शापित राजवाड्याची दप्तरतपासणी

वॉल्ट डिस्नी कंपनीचा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ हा अ‍ॅनिमेशनपट नोव्हेंबर १९९१मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक गॅरी ट्रूसडेल आणि कर्क वाइज, पटकथा लिंडा वूल्व्हरटनची, संगीत अ‍ॅलन मेनकनचे, गीते हॉवर्ड अ‍ॅशमनची. लांबी ८४ मिनिटे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला अ‍ॅनिमेशनपट. ते पारितोषिक त्या वर्षी ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ने नेले. याच्या पदरात संगीत आणि गीत अशी दोन पडली. पटकथेसाठी मात्र त्याचे साधे नामांकनही झाले नव्हते. त्या निर्णयाला बळ देणारी सामग्री पुढे क्रमाने मांडली आहे.

कथा अशी. फ्रान्समधल्या एका राजवाड्याच्या दारात कडाक्याच्या थंडीत एक म्हातारी भिकारीण येते आणि रात्रीच्या आसऱ्याच्या बदल्यात गुलाबाचे एक फूल देऊ करते. राजपुत्र तिला हाकलून देतो. म्हातारी निघते जादूगारीण. ती राजपुत्राचे श्वापद करते, वाड्यातल्या नोकरचाकरांच्या वस्तू करते आणि तो गुलाब मागे ठेवते. शेवटची पाकळी गळण्याआधी राजपुत्राने कुणावर तरी प्रेम करायचे आणि तिचेही प्रेम मिळवायचे, तर शाप उतरेल. एरवी जन्मभर श्वापद. जवळच्या खेड्यातली बेल ही वाचनवेडी मुलगी वडिलांची सुटका व्हावी म्हणून त्यांच्या जागी स्वतः कैदेत राहते. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. जे कुणालाच माहीत नाही, ते खालीलप्रमाणे.

वयाचा दाखला

राजपुत्राच्या वयाबाबत चित्रपटात तीन पुरावे आहेत. पहिला निवेदकाचा. गुलाब राजपुत्राच्या एकविसाव्या वर्षापर्यंत टिकेल, असे तो सुरुवातीलाच सांगतो. दुसरा ल्युमिएरचा. पाहुण्यांची सरबराई पाहणारा हा माणूस शापामुळे शमादान झाला आहे. बेलला जेवू घालतानाच्या गाण्यात तो दहा वर्षे गंजत पडल्याची तक्रार करतो. एकवीस वजा दहा, अकरा. काटेकोर बोलायचे तर माणसाला एकविसावे वर्ष विसाव्या वाढदिवशी लागते, म्हणजे गुन्ह्याच्या रात्री आरोपी दहाचाही असू शकतो.

तिसरा पुरावा राजवाड्याच्या पश्चिम भागातला. तिथे जायची बेलला मनाई आहे, म्हणून ती तिथे जाते. मोडलेल्या सामानाच्या ढिगापलीकडे भिंतीवर एक मोठे तैलचित्र आहे, नखांनी ओरबाडून फाडलेले. चेहऱ्यावरचा कापडाचा तुकडा खाली लोंबतो आहे. बेल तो दोन बोटांनी अलगद उचलते आणि जागेवर बसवून पाहू लागते. निळे डोळे दिसतात, तेच निळे डोळे श्वापदालाही आहेत. चित्रातला माणूस चांगला वीसएक वर्षांचा, भरल्या खांद्यांचा. सुरुवातीच्या रंगीत काचचित्रांतला राजपुत्रही पोरसवदा नाही.

या तीन साक्षीदारांपैकी कोणतेही दोन खरे मानले की तिसरा खोटा ठरतो. निवेदक आणि शमादान खरे असतील, तर चित्रकाराने दहा वर्षांच्या मुलाला समोर बसवून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज रंगवला. निवेदक आणि चित्र खरे असतील, तर शाप नुकताच लागला आहे आणि शमादानाला दोन-चार महिनेच दहा वर्षांसारखे वाटले. शमादान आणि चित्र खरे असतील, तर राजपुत्र तिशीला आला आहे आणि गुलाबाची मुदत संपून नऊ-दहा वर्षे झाली आहेत.

या गोंधळाचे मूळ निर्मितीच्या काळात सापडते. शापाचा प्रसंग प्रत्यक्ष दाखवावा आणि त्यात राजपुत्र सात वर्षांचा असावा, असे अ‍ॅशमनच्या मनात होते. लेसच्या कपड्यांतले केसाळ पोर पाहून प्रेक्षक घाबरण्याऐवजी हसतील, असे दिग्दर्शकांना वाटले. मुलगा गेला आणि त्याच्या जागी काचचित्रे आली. गाण्यातली दहा वर्षे मात्र जिथल्या तिथे राहिली.

दहा-अकरा हे वय खरे धरले, तर खटल्याचे स्वरूपच बदलते. रात्रीच्या वेळी अनोळखी बाई दारात आली. मुलाने तिला आत घेतले नाही आणि तिने पुढे केलेली वस्तूही घेतली नाही. कोणत्याही घरात अशा मुलाची पाठ थोपटली जाते. इथे त्याला शिंगे आणि शेपूट मिळाली. इतक्या नोकरांच्या वाड्यात दार उघडायला खुद्द राजपुत्र का आला, दरवान कुठे होता आणि मुख्य म्हणजे आईबाप कुठे होते, याचा चित्रपटात उल्लेख नाही.

उल्लेख राजपुत्राच्या नावाचाही नाही. संपूर्ण चित्रपटात त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. नोकर त्याला ‘मालक’ म्हणतात, गावकरी ‘श्वापद’ म्हणतात. बेल त्याच्या घरात राहते, त्याच्या जखमा बांधते, त्याच्याबरोबर नाचते, त्याच्यासाठी रडते आणि शेवटी त्याची होते, पण नाव विचारत नाही. लग्नपत्रिकेवर ‘चि.’नंतर काय छापले, ते कळायला मार्ग नाही.

शिक्षेची व्याप्ती

जादूगारिणीच्या निकालात आरोपी एक आणि शिक्षा सगळ्यांना. वाड्याचा कारभारी कॉग्सवर्थ घड्याळ झाला, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मिसेस पॉट्स चहाची किटली झाल्या, स्वयंपाकी शेगडी झाला, केर काढणारी मुलगी पिसांचा झाडू झाली. मालकाने दार लावले म्हणून मोलकरणीचा झाडू करणे हा न्याय कोणत्या कलमाखाली बसतो, ते स्पष्ट केलेले नाही. त्या रात्री यांतल्या कुणाला आपले मत विचारले गेले असेल, असेही दिसत नाही.

सर्वांत दुर्बोध प्रकरण कुत्र्याचे आहे. वाड्यात पाय ठेवायचे एक गुबगुबीत स्टूल आहे. ते शेपटीसारखा गोंडा हलवत धावते आणि भुंकते. शेवटी शाप उतरल्यावर त्याचा पुन्हा कुत्रा होतो. त्या रात्री या कुत्र्याने फार तर म्हातारीवर भुंकण्याचा अपराध केला असेल, आणि भुंकणे ही तर त्याची नेमणूकच होती.

मुदतीच्या काळात सुटकेसाठी काय प्रयत्न झाले, हाही प्रश्न उरतोच. राजपुत्राला माणसात यायला एक मुलगी हवी होती. खेडे पायी जाण्याच्या अंतरावर होते. बेलच्या वडिलांना, म्हणजे मॉरिसला, कैदेतून सोडताना श्वापद एका मेण्यात कोंबते आणि गावी नेऊन सोडायचा हुकूम देते. मेणा कोळ्यासारखा पाय टाकत पुलावरून निघूनही जातो. म्हणजे वाड्याकडे स्वतःचे वाहन होते, त्याला गावचा रस्ता पाठ होता आणि त्याला भोईसुद्धा लागत नव्हते. तरी दहा वर्षांत तो मेणा एकदाही कुणाला आणायला गेला नाही. पहिली मुलगी आली तीसुद्धा बाप रस्ता चुकला म्हणून.

भांड्यांची खानेसुमारी

जेवणाच्या गाण्यात शेकडो ताटल्या, चमचे, काटे आणि पेले नाचतात. ते सगळे शापित नोकर असतील, तर एका मुलाच्या दिमतीला एखाद्या पलटणीएवढे मनुष्यबळ होते. नसतील, तर कुठला चमचा माणूस आणि कुठला नुसताच चमचा, हे ओळखायची खूण हवी होती. ती नसल्यामुळे गैरसोयीचे प्रश्न उभे राहतात. एखादी ताटली नाचताना फुटली, तर तो अपघात धरायचा की मनुष्यहानी? ज्या पेल्यातून बेलला चहा दिला जातो, तो मिसेस पॉट्सचा मुलगा चिप आहे, हे तिला लौकरच कळते.

चिपच्या वयाचा प्रश्न मालकाच्या वयाहून अवघड आहे. शेवटी माणूस झालेला चिप फार तर सहा-सात वर्षांचा दिसतो. शाप दहा वर्षांचा असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक, शापाच्या काळात नोकरांचे वय वाढत नव्हते. मग राजपुत्राचे वय कसे वाढले? वय वाढले नाही, तर त्याला एकविसावे वर्ष लागणार कधी? दोन, चिप शापाच्या काळात जन्मला. म्हणजे किटलीच्या पोटी कप जन्मला. या दुसऱ्या शक्यतेवर जाणकारांनी मौन पाळले आहे आणि ते योग्यच आहे.

त्यात कपाटाचा प्रसंग आहे. रात्री उशिरा मिसेस पॉट्स चिपला झोपायला पाठवतात. झोप आली नाही अशी कुरकुर करत तो कपाटात शिरतो. आत कपांची रांग आहे आणि मिसेस पॉट्स त्यांचा उल्लेख चिपची भावंडे असा करतात. शाप उतरतो तेव्हा शमादानाचा माणूस होतो, घड्याळाचा होतो, किटलीची बाई होते, चिप आईला बिलगतो. भावंडे कुठेच दिसत नाहीत. एवढ्या आनंदात ती कपाटातच राहून गेली की काय, अशी शंका कोणत्याही आईला यावी.

शाप उतरल्यावर आणखी एक अडचण होते. किटली माणूस झाली, दिवे आणि घड्याळ हातात हात घालून हसू लागले. वाड्यात सर्वत्र आनंदीआनंद झाला, पण त्या सकाळी पाहुण्यांना चहा कशात दिला, हा प्रश्न घरात मंगलकार्य काढलेल्या कुणालाही सर्वांत आधी सुचेल.

शिधा आणि बाजारभाव

जेवणाच्या गाण्यात गोमांसाचा रस्सा आहे, चीजचे सूफ्ले आहे, पुडिंगे आहेत. शेगडी स्वयंपाकी आहे, हे मान्य. पण दूध, लोणी, अंडी आणि गोमांस कुठून आले? दहा वर्षांत वाड्यात ना गवळी आला ना खाटीक. घरी गाय असावी म्हटले, तर शापाच्या नियमाने तिचेही आजवर काहीतरी झालेच असते, बहुधा लोण्याची बरणी.

खेड्याचे अर्थकारणही नाजूक आहे. सुरुवातीच्या गाण्यात गर्दीतली एक बाई सहा अंडी मागते आणि लगेच महागाईची तक्रार ऐकू येते. अंडी महाग का, याचा उलगडा पुढे गुत्त्यातल्या गाण्यात होतो. गावचा देखणा शिकारी गॅस्टन आपल्या शरीराचे रहस्य सांगतो. लहानपणी तो रोज चार डझन अंडी खायचा, आता पाच डझन खातो. पाच डझन म्हणजे साठ. कोंबडी दिवसाला फार तर एक अंडे देते, तेव्हा एकट्या गॅस्टनच्या पोषणासाठी साठ कोंबड्या अखंड कामाला जुंपलेल्या हव्यात. त्या बाईची सहा अंडी याच खिंडीत अडकली आहेत. चित्रपटातल्या दोन गाण्यांचा हिशेब एकमेकांशी जुळतो, तो एवढ्या एकाच ठिकाणी.

गावात पुस्तकांचे दुकानही आहे. बेलशिवाय तिथे कुणी वाचणारे नाही. वाचते म्हणून सगळे गाव तिला विचित्र समजते. ती सकाळी वाचलेले पुस्तक परत करते, कालपासून नवीन काही आले का म्हणून विचारते आणि मग दोनदा वाचून झालेले एक पुस्तक पुन्हा मागते. इतके आवडत असेल तर ठेवूनच घे, म्हणून दुकानदार ते तिला फुकट देऊन टाकतो. बाहेर कारंज्याच्या काठावर बसून ती ते वाचू लागते, तर जवळची मेंढी त्यातले पान खाते. म्हणजे एकच गिऱ्हाईक, तेही उसने नेणारे, वर भेट म्हणून दिलेल्या मालाची ही गत. जादूगारिणीचा शाप कसा चालतो ते एक वेळ पटेल, हे दुकान कसे चालते ते पटत नाही.

गावाचा विसराळूपणा

गावापासून घोड्याच्या टप्प्यात एवढा मोठा राजवाडा आहे आणि गावात कुणालाच त्याची कल्पना नाही. मॉरिस गुत्त्यात येऊन श्वापदाची हकिगत सांगतो, तेव्हा लोक हसतात. तिथे तर राजा राहायचा, असे एकही म्हातारा म्हणत नाही. वाड्यातले नोकर आकाशातून पडले नसणार. कुणाची बहीण तिथे झाडूला असेल, कुणाचा मेहुणा तबेल्यात असेल. एका रात्रीत ते सगळे नाहीसे झाले आणि गावात चौकशीसुद्धा झाली नाही.

याला एकच पटण्याजोगे कारण देता येते. वाड्यातून दहा वर्षे सारा वसूल करायला कुणी आले नव्हते. ज्याचे देणे लागतो तो आपण होऊन दिसेनासा झाला, तर त्याचा पत्ता विचारत फिरण्याची चूक शहाणे गाव करत नाही.

रस्त्याचे प्रकरण वेगळे. मॉरिस वाड्यावर एकदा गेला आहे आणि मेण्यात बसून परत आला आहे. तरीही मुलीला सोडवायला निघाल्यावर त्याला वाट सापडत नाही आणि तो बर्फात कोसळतो. उलट गॅस्टन आणि मशाली घेतलेले गावकरी त्या वाड्याचे नावही न ऐकलेले असून, अंधारात आणि वादळात, ओंडका खांद्यावर वाहत सरळ दारात पोचतात. त्यांच्याकडे जादूचा आरसा होता, असे कुणी म्हणेल. पण आरसा माणसाचे तोंड दाखवतो, वळण कुठे घ्यायचे ते सांगत नाही. तरी बेलने याच आरशात आजारी बाप पाहिला आणि तेवढ्यावर त्याला अख्ख्या जंगलातून हुडकून काढले.

कालगणना

ज्या दिवशी गॅस्टन बेलला मागणी घालायला येतो, त्या दिवशी ऊन आहे. दाराबाहेर लग्नाचा मांडव तयार आहे, बँड उभा आहे आणि नकार मिळालेला गॅस्टन डुकरांच्या चिखलात पडतो. त्याच रात्री बाहेर बर्फ पडते आहे. सकाळी शरद, रात्री शिशिर, मधला हेमंत कुणी पाहिलाच नाही.

पण काळाचा खरा घोटाळा गॅस्टनचा चमचा लफू याच्या वाट्याला आला आहे. गॅस्टन आणि लफू बेलच्या घरी येतात तेव्हा घर रिकामे असते. मॉरिस नुकताच मुलीच्या शोधात बाहेर पडला आहे. बापलेक परत येईपर्यंत इथून हलायचे नाही, असा हुकूम लफूला होतो. बर्फात, पायरीपाशी, उभे राहून.

तिकडे वाड्यात आयुष्य सावकाश पुढे सरकते. श्वापदाची जखम भरते. ते बेलला ग्रंथालय दाखवते. मग चमच्याने जेवायला शिकणे, पाखरांना दाणे टाकणे, बर्फाचे गोळे फेकणे, वाचन, रुसवा जाऊन ओढ लागणे, केस विंचरून घेणे आणि शेवटी सोनेरी झग्यातल्या बेलबरोबर नाच. तिरस्कारातून प्रेमापर्यंतचा हा प्रवास अगदी घाईत म्हटला तरी काही आठवड्यांचा. मग ती बापाला शोधून घरी आणते आणि पायरीपाशी एक बर्फाचा माणूस उभा असलेला दिसतो. तो लफू. बर्फ झटकून तो ताजातवाना बाहेर पडतो आणि बातमी द्यायला धावतो.

प्रेमाला आठवडे लागले असतील, तर लफूने तितके आठवडे उभ्याने, उपाशी, गोठून काढले आणि मॉरिस तितके आठवडे शिध्याच्या एका पिशवीवर जंगलात भटकला. लफू एकच रात्र उभा राहिला असेल, तर ते सारे प्रेम दुपार ते रात्र एवढ्यात उरकले. निष्ठेचे पारितोषिक द्यायचे झाले, तर पहिल्या शक्यतेत ते बेलला नव्हे, लफूला मिळायला हवे.

वजन आणि इतर किरकोळ बाबी

लांडग्यांशी झुंजून श्वापद बेलला वाचवते आणि बर्फात बेशुद्ध पडते. बेल आपला झगा त्याच्यावर टाकते. पुढच्या दृश्यात ते घोड्याच्या पाठीवर आडवे आहे आणि ती लगाम धरून चालते आहे. मधले दृश्य नाही. अस्वलाएवढ्या बेशुद्ध देहाला एका सडपातळ मुलीने कुणाच्याही मदतीशिवाय खांद्याएवढ्या उंचीवर कसे चढवले, हा प्रश्न हमालीची कामे करणाऱ्यांनी अभ्यासावा असा आहे. घोड्याचे मत विचारलेले नाही.

पात्रांचे कपडे, बंदुका आणि घरे अठराव्या शतकातली आहेत. तरी जेवणाच्या गाण्यात सुऱ्या-काट्यांची आरास आयफेल टॉवरचा आकार घेते. तो टॉवर पॅरिसमध्ये १८८९ साली उभा राहिला. गंजत पडलेल्या नोकरांचे इतर काही नाही, तरी भविष्यज्ञान उत्तम होते.

भोके का पडली

या कथेला पूर्वी भोके कमी होती. गाब्रिएल-सुझान दे विल्नव्ह या फ्रेंच लेखिकेने ती १७४० साली लिहिली, तेव्हा राजपुत्राच्या शापाची पूर्वपीठिका सविस्तर दिली होती. आई युद्धावर गेलेली, मुलगा एका परीच्या हवाली. तो मोठा झाल्यावर परीच त्याच्याशी लग्न करू पाहते. तो नकार देतो आणि शाप ओढवून घेतो. सगळे कार्यकारणभावाने बांधलेले, पण लांबण मोठी. १७५६ साली ल्प्रँस द बोमाँ या शिक्षिकेने मुलींच्या वाचनासाठी तिचा संक्षेप केला. पूर्वपीठिका गेली, गोष्ट राहिली आणि जगभर पसरली ती हीच. जाँ कॉक्तोच्या १९४६च्या चित्रपटात भिंतीतून बाहेर आलेले जिवंत मानवी हात मेणबत्त्या धरून उभे असतात. ते कुणाचे, असे तिथे कुणी विचारत नाही, कारण पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आलेला असतो.

डिस्नीने या कथेवर आधी गाण्यांविना, गंभीर असा चित्रपट करायला घेतला होता. १९८९मध्ये तो मोडीत काढला आणि अ‍ॅशमन-मेनकन जोडीला बोलावले. अ‍ॅशमन आजारी होता, म्हणून सगळे मंडळ न्यूयॉर्क राज्यात त्याच्या घराजवळच्या फिशकिल गावी बसून कथा रचत असे. वाड्यातल्या वस्तूंना स्वभाव आणि आवाज देणे ही त्याचीच सूचना. जेवणाचे गाणे मुळात मॉरिससाठी लिहिले होते. गोष्ट मुलीची आहे, मग मेजवानी बापाला कशाला, हे ध्यानात आल्यावर ते बेलकडे वळवले. अशा चित्रपटाला एरवी चारेक वर्षे लागायची, हा सुमारे दोन वर्षांत पुरा करायचा होता. शेवटचा नाच नव्याने रेखाटायला वेळ उरला नाही, म्हणून १९५९च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’मधल्या जोडीची पावले गिरवली. बेल आणि राजपुत्र शेवटी नाचतात ते बत्तीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या वधूवरांच्या पावलांवर. अ‍ॅशमन मार्च १९९१मध्ये वारला. चित्रपट त्याला अर्पण केलेला आहे.

सप्टेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात हा चित्रपट अपुरा असतानाच दाखवला. जिथे चित्र तयार नव्हते तिथे पेन्सिलीची रेखाटने पडद्यावर आली. म्हणजे या चित्रपटाला भोके आहेत, हे त्या प्रेक्षकांना शब्दशः, डोळ्यांदेखत दिसत होते. खेळ संपल्यावर त्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

डागडुजी

या साऱ्या तक्रारी कानावर घेऊन डिस्नीने २०१७ साली तीच कथा जिवंत नटांना घेऊन काढली. दिग्दर्शक बिल कॉन्डन, बेलच्या भूमिकेत एमा वॉटसन. लांबी १२९ मिनिटे, म्हणजे मूळ चित्रपटाहून ४५ मिनिटे जास्त. या वाढीव वेळेचा बराच भाग दुरुस्तीवर खर्च झाला आहे.

गाव वाडा विसरले ते का? जादूगारिणीने गावाची आठवणच पुसली होती. राजपुत्राचे आईबाप कुठे होते? आई वारली आणि बाप दुष्ट होता. वय? एकविसाव्या वर्षाची अटच काढून टाकली आणि गाण्यातला दहाचा आकडाही उडवला. श्वापद घोड्यावर कसे चढले? बेल त्यालाच उठून उभे राहायला सांगते. उन्हाळ्यात बर्फ कसे? वाड्याभोवतीचा हिवाळा शापाचाच भाग. प्रत्येक आक्षेपावर निकाली असा शेरा पडला.

मात्र नव्या ठिगळांनी नवी भोके पाडली. गावातल्या पॉट्स नावाच्या गृहस्थाला आपले काहीतरी हरवल्यासारखे सारखे वाटते. हरवली आहे ती बायको, मुलासकट. घर तेच, अंथरूण तेच, दुसरी उशी कुणाची, हे इतक्या वर्षांत त्याला कळले नाही. जादूगारीण त्याच गावात भिकारीण म्हणून राहते आणि रोज त्याच्या समोरून ये-जा करते. त्याहून गंभीर म्हणजे नव्या चित्रपटात जादूगारिणीने वाड्यात एक पुस्तक ठेवले आहे. त्यावर हात ठेवून मनात जागा आणली की माणूस क्षणात तिथे पोचतो. बेल आणि श्वापद त्यातून पॅरिसला जाऊनही येतात. पुढे बाप संकटात आहे हे आरशात दिसल्यावर बेल काय करते? घोड्यावर बसते आणि जंगलातून निघते. ते पुस्तक तिने पाहिलेले असते, वापरलेले असते. जुन्या चित्रपटात वाचनवेड्या बेलला पुस्तकांनी निदान असा दगा दिला नव्हता.

यातून दुरुस्तीचा एक नियम निघतो. परीकथेत ‘कसे’ विचारले की उत्तर म्हणून जादू पुढे करावी लागते, आणि जादू आली की ती आधीच का वापरली नाही, हा पुढचा प्रश्न तयारच असतो. जुन्या चित्रपटाने बहुतेक प्रश्नांना उत्तरच दिले नाही, त्यामुळे त्याची भोके निदान वाढली नाहीत.

निकाली न निघालेला मुद्दा

१९९१च्या चित्रपटाच्या शेवटी राजपुत्र आणि बेल नाचत आहेत. बाजूला मॉरिस डोळे पुसत उभा आहे, शेजारी माणूस झालेल्या मिसेस पॉट्स आणि त्यांच्याजवळ चिप. हे दोघे आता कायम सुखात राहणार का, असे तो आईला विचारतो. अर्थातच, असे उत्तर मिळते. मग तो क्षणभर विचार करतो आणि दुसरा प्रश्न विचारतो: आपल्याला अजूनही कपाटातच झोपायचे आहे का?

मोठी माणसे हसतात. आई त्याला जवळ घेते. समूहगान चढते आणि पडद्यावर पुन्हा काचचित्र येते. चित्रपटातले हे शेवटचे संभाषण आणि ते उत्तर न देताच संपते. कपाटातल्या भावंडांचा विषय तेव्हाही निघत नाही.